एक स्मरणिका, तीन सिस्टिम: लिबरऑफिस सात महिने वापरल्यावर

आमच्या वाचनालयाची ९६ पानांची स्मरणिका यंदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचातल्या रायटर या लेखनाच्या कार्यक्रमात केली. वाचनालयातला संगणक जुना, विंडोज १० चा. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिपची सोय त्यात नव्हती, म्हणून त्यावर लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकली. माझ्या घरी विंडोज ११. मुद्रितं तपासणाऱ्या वहिनींकडे मॅक. लेखक मंडळी मजकूर पाठवणार फोनवरून. म्हणजे प्रत्येक लेख छापखान्यात पोचेपर्यंत चार घरं फिरणार. लिबरऑफिस ‘सगळीकडे चालतं’ या दाव्याची परीक्षा आमच्याकडे रोज झाली.

कार्यक्रम म्हणून लिबरऑफिस तिन्हीकडे खरोखर एकसारखा चालतो. मॅकवर सेटिंग वेगळ्या मेनूत सापडतात, बाकी हात अडत नाही. रायटरच्या स्वतःच्या साच्यातली, म्हणजे ओडीटी, फाइल एकीकडे जतन केली की दुसरीकडे तळटीपा, शैली, अनुक्रमणिका जिथल्या तिथे. हा साचा २००६ पासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक आहे. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून अक्षरं जुळवण्याचं काम सगळ्या सिस्टिमवर हार्फबझ हेच इंजिन करतं, त्यामुळे ‘क्ष्म्य’सारखं जोडाक्षर एकीकडे जुळलेलं आणि दुसरीकडे फुटलेलं, असं आम्हाला एकदाही दिसलं नाही.

गाडी अडली ती फॉन्टवर. नोव्हेंबरात मी घरी सगळा मजकूर मंगलमध्ये लावला. तीच फाइल मिंटवर उघडली तर पानं ९६ ची १०३! मंगल हा विंडोजचा फॉन्ट. मिंटवर तो नव्हताच, म्हणून त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट बसला आणि त्याची रुंदी वेगळी. इंग्रजीत हा त्रास कमी होतो, कारण कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो येतो आणि त्याच्या अक्षरांची मापं तीच असतात. मराठीत तसा जोडीदार आम्हाला मिळाला नाही. मग मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हा खुल्या परवान्याचा फॉन्ट घेतला आणि एकच फॉन्ट-फाइल तिन्ही संगणकांवर बसवली. त्या दिवसापासून शेवटच्या पानाची शेवटची ओळसुद्धा तिन्हीकडे सारखी येते. फाइलमध्येच फॉन्ट घालून पाठवायची सोयही आहे, पण फाइल जड होते.

इथे नवीन माणूस हमखास अडखळतो ती गोष्ट सांगतो. रायटर मराठीचा फॉन्ट इंग्रजीपासून वेगळा धरतो. शैलीत पाश्चात्त्य लिपीचा फॉन्ट कितीही बदला, मराठी मजकूर तसाच राहतो. भाषेच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (देवनागरीसारख्या लिपींची सोय) चालू करून तिथे मराठी निवडायची, मग शैलीत त्याच नावाच्या रकान्यात फॉन्ट द्यायचा. हे कळेपर्यंत माझी दोन रात्रींची झोप गेली.

दुसरा गुंता ‘ऱ्य’चा. ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला तर निम्मे सापडायचे, निम्मे नाहीत. दिसायला दोन्ही सारखेच. काही कीबोर्ड तो ऱ आणि हलन्त वापरून लिहितात, काही र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. आता लेख हाती आला की सगळ्यात आधी शोधा-बदला चालवून एकच रूप करून घेतो, मगच शुद्धलेखन.

सर्वांत जास्त वेळ मात्र जुन्या लेखांनी खाल्ला. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांचे वीस वर्षांपूर्वीचे लेख युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होते (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी पद्धत). त्या फाइलींत आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी रूप चढवतो. फॉन्ट नसला की कुठल्याही सिस्टिमवर निरर्थक रोमन अक्षरांची रांग. परिवर्तकातून मजकूर काढला, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या बऱ्याच ठिकाणी चुकल्या, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जायची, युनिकोडमध्ये ती नंतर साठते. वहिनींनी अकरा लेख ओळ न् ओळ वाचून दुरुस्त केले. त्यांच्या चिकाटीमुळेच ते अंकात आले. तुमच्याकडे असा मजकूर पडून असेल तर तो फॉन्ट आहे तोवर रूपांतर करून घ्या.

फोनवर लिबरऑफिसच्याच पायावर उभं असलेलं कोलाबोरा ऑफिस आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर. वाचायला आणि एखादा शब्द बदलायला ठीक, मांडणी फोनवर करू नये. लेखकांना मी सांगितलंय, मजकूर साधा, निरोप लिहितो तसा पाठवा. सजावट केलेल्या डॉक्सएक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्ट वर्डच्या, फाइलींतली कोष्टकं आमच्याकडे सरकायची आणि ती पुन्हा आखण्यात अख्खी संध्याकाळ जायची.

तपासणीसाठी आम्ही संकरित पीडीएफ काढतो. पीडीएफ निर्यात करताना ‘ओडीएफ फाइल अंतर्भूत करा’ अशी खूण असते (ओडीटी हा ओडीएफचाच एक प्रकार). ती फाइल कुणाच्याही फोनवर नेहमीची पीडीएफ म्हणून उघडते आणि लिबरऑफिसमध्ये उघडली की दुरुस्तही करता येते. छापखान्यात मात्र फक्त साधी पीडीएफ, फॉन्ट आत घातलेली. आणि पेनड्राइव्ह एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट करा. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचा पेनड्राइव्ह मॅकवर वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही.

पुढच्या अंकाचे पहिले चार लेख आलेत. त्यांची फाइल मुक्तामध्ये लावून मिंटवर ठेवली आहे.