शाळेच्या युनिफॉर्मसाठी कॉम्प्युटर पॅटर्न: आमचा अनुभव

सोलापुरात आमचं युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे. यंदा जूनच्या ऑर्डरसाठी पहिल्यांदाच पॅटर्न, म्हणजे कापड कापायचे साचे, बाहेरून, कॉम्प्युटरवर करून घेतले. आमचे मास्टर पुठ्ठ्यावर पॅटर्न कापतात. हाफ शर्टाचे 22 ते 40 असे दहा साइझ काढायला त्यांना दोन दिवस लागतात. इथे बेस साइझचा, म्हणजे मूळ मापाचा, पुठ्ठा डिजिटायझ करून कॉम्प्युटरवर घेतला, ग्रेडिंगचे, म्हणजे प्रत्येक साइझला माप किती वाढवायचं-कमी करायचं त्याचे, आकडे दिले आणि संध्याकाळपर्यंत दहाही साइझ हातात.

खरा फायदा मार्करमध्ये, म्हणजे कापडावर सगळे तुकडे मांडायच्या आराखड्यात झाला. 58 इंची पन्ह्यावर लहान-मोठे साइझ एकमेकांत असे बसवले, की शर्टामागे आठ सेंटिमीटर कापड वाचलं. हजार शर्टांना ऐंशी मीटर! मला तर विश्वासच बसेना.

पण पहिली प्रिंट स्केल चुकून थोडी लहान आली. मास्टरांनी टेप लावला म्हणून वाचलो. आता प्रत्येक प्रिंटवर दहा सेंटिमीटरचा चौकोन छापून घेते आणि आधी तोच मोजते. कापड धुतल्यावर किती आटेल, तेही आपणच सांगावं लागतं. मास्टर तुकडा भिजवून बघतात, मग आकडा देतात.

कॉलर मात्र अजून त्यांच्याच पुठ्ठ्याची वापरतो. ती वळण फार सुंदर घेते.