स्टीम कम्युनिटी मार्केट: महाग आहे, तरी मी इथेच घेतो

दोन वर्षांपूर्वी एका ग्रुपवर काउंटर-स्ट्राइक या गेममधल्या स्किनसाठी (बंदुकीचं रूप बदलणारी डिजिटल सजावट) मी अनोळखी मुलाला यूपीआयने १,८०० रुपये पाठवले. ‘दादा, पाच मिनिटांत ट्रेड टाकतो,’ म्हणाला आणि लगेच ब्लॉक केलं. ट्यूशनच्या पहिल्या कमाईतले पैसे होते ते. अजून आठवलं की पोटात कालवतं.

तेव्हापासून स्टीमचं, म्हणजे हा गेम ज्या प्लॅटफॉर्मवर चालतो त्याचं, स्वतःचं मार्केटच. स्टीम वॉलेटमधून पैसे कापले की वस्तू थेट माझ्या इन्व्हेंटरीत, म्हणजे माझ्या खात्यातल्या साठ्यात. विकणारा कोण, कसा, हे पाहावंच लागत नाही. काउंटर-स्ट्राइकच्या वस्तूंवर स्टीमचे ५ आणि गेमचे १० टक्के जातात, शिवाय विकून आलेले पैसे वॉलेटमध्येच राहतात, बँकेत येत नाहीत. म्हणूनच पोरं ग्रुपकडे वळतात.

त्यांनी एक नीट समजून घ्यावं. जुलै २०२५ पासून काउंटर-स्ट्राइक २ मधले ट्रेड, म्हणजे खेळाडूंमधली वस्तूंची देवाणघेवाण, ७ दिवसांच्या आत उलटवता येतात. अकाउंट हॅक झालेल्यासाठी ही फार मोठी सोय आहे. पण बाहेर यूपीआय केलं असेल, तर विकणारा पैसे ठेवून स्किनही परत ओढू शकतो.

मोबाइल ऑथेंटिकेटर (लॉगिन आणि ट्रेड फोनवरून मंजूर करायची स्टीमची सोय) मात्र आजच लावा.