बेस, अँप की डबा: पैसा आधी कशावर लावायचा?

दिवाळीच्या आसपास दरवर्षी एखादा तरी फोन येतो. "भाऊ, यंदा धानाचे चुकारे आले की बेस गिटार घेतो म्हणतो. कोणती घेऊ?" पोरगा कधी वडसा-ब्रह्मपुरीकडचा असतो, कधी साकोली-लाखांदूरकडचा. भाऊबीजेनंतर मंडई आणि शंकरपट लागतात, नाटकांचा हंगाम सुरू होतो, त्यामुळे घाई असते. विचारणं मात्र सगळं गिटारचं. अँपचं नंतर निघतं आणि डब्याचं, म्हणजे स्पीकर बसवलेल्या पेटीचं, बहुतेक वेळा निघतच नाही.

मी उलटीकडून सुरुवात करतो. वाजवणार कुठं? तिथं साऊंड कोणाचा? सामान कशावर नेणार? या तीन उत्तरांवर खरेदी ठरते. नागपुरातल्या दुकानात बंद काचेच्या खोलीत जो अँप छाती हलवतो, तोच धानाच्या बांधीत उभारलेल्या मंडपात ऐकूही येत नाही. यात अँपचा दोष नाही. बेसच्या सर्वांत जाड तारेचा, म्हणजे मोकळ्या 'ई'चा सूर साधारण 41 हर्ट्झचा असतो आणि त्याची एक लाट आठ मीटरपेक्षा लांब असते. खोलीत भिंती ती परत फेकतात, कोपरा तिला फुगवतो. वावरात भिंतच नाही, आवाज निघाला की गेला.

नाटक मंडळी, मोठा ऑर्केस्ट्रा किंवा जयंतीचा भीमगीतांचा कार्यक्रम असेल, तर साऊंडवाल्याचे टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर) आणि 18 इंची बेसचे डबे आधीच लागलेले असतात. लोकांपर्यंत आवाज तेच नेणार. तुमचा अँप फक्त तुम्हाला आणि ऑक्टोपॅडवाल्याला ऐकू यावा एवढ्यापुरता. असं असताना लोक 500 वॅटचा अँप घेतात आणि गिटार मात्र मिळेल ती स्वस्तातली, याचं मला फार वाईट वाटतं. अशा वाजवणाऱ्यानं पैसा गिटारवर आणि एका चांगल्या डीआय बॉक्सवर लावावा.

डीआय बॉक्स म्हणजे हातात मावणारी डबी. गिटारचा नाजूक सिग्नल ती माइकच्या तारेतून मिक्सरपर्यंत जाण्याजोगा करते. साध्या जॅकच्या वीस मीटर तारेनं गिटार थेट मिक्सरला जोडली तर वरचे सूर मरतात आणि घूं आवाज शिरतो. डीआय दोन प्रकारचे. पॅसिव्हला वीज लागत नाही आणि तो सहसा बिघडत नाही. ॲक्टिव्हला बॅटरी किंवा मिक्सरचा 48 व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो, पण पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, गिटारचा आवाज तो जास्त खुला ठेवतो. मिक्सरवर फँटम नक्की आहे हे ठाऊक असेल तर ॲक्टिव्ह घ्या. साऊंडवाला रोज बदलत असेल तर पॅसिव्ह बरा. फेंडर रंबल 40 आणि त्यावरच्या अँपना मागं डीआयची सोय असते, ती असली तर वेगळी डबी लागत नाही.

गिटार: पी की जे

बाजारातल्या बहुतेक बेस गिटारी दोन घराण्यांत बसतात. लिओ फेंडर यांची प्रिसिजन 1951 मध्ये आली आणि आज तिच्यावर दिसणारा दोन तुकड्यांचा पिकअप (तारांचा कंप पकडणारं चुंबक) 1957 पासूनचा. जॅझ बेस 1960 चा. प्रिसिजनला लोक पी म्हणतात, जॅझला जे. पीचा आवाज मधे भरलेला, ठोस. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड या सगळ्यांच्या गर्दीतही तो आपली जागा धरून राहतो. जेचे दोन पिकअप, नेक (गिटारची मान) वरच्या टोकाला निमुळता, आवाजात धार आणि बोटाखाली सुरांची कुरकुर जास्त. ठेक्यात राहून गाणं धरायचं असेल तर पी, बोटं मोकळी सोडून मधल्या जागा भरायच्या असतील तर जे.

पण आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते, आणि मी तिला आवाजापेक्षा वर ठेवतो. पीच्या पिकअपचे दोन तुकडे एकमेकांचा हम, म्हणजे घूं आवाज, कापतात. जेचे दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे असले तरच हम कटतो, एक कमी केला की घूं सुरू. जिथं अर्थिंगचा पत्ता नाही आणि वर लाइटांचे डिमर चालू आहेत, तिथं हा फरक पहिल्याच गाण्यात कळतो. म्हणून पहिली गिटार घेणाऱ्याला मी पीजे सुचवतो, म्हणजे पुढं पी, मागं जे. यामाहा टीआरबीएक्स 174 तशी आहे आणि पूर्ण पॅसिव्ह आहे. आयबानेझ जीएसआर 200 देखील पीजेच, नेक सडपातळ, हात लवकर बसतो, पण आतल्या बूस्टसाठी तिला 9 व्होल्टची बॅटरी लागते.

ॲक्टिव्ह आणि पॅसिव्हचा वाद याच बॅटरीपाशी येतो. ॲक्टिव्हमध्ये गिटारवरच आवाज घडवता येतो, 1976 च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून लोकांना ती चव लागली. मात्र जॅक आत राहिला की बॅटरी वाजवल्याशिवायही उतरत राहते, आणि रात्री दोन वाजता दुसऱ्या अंकात आवाज फाटायला लागला तर गावात ती चौकोनी बॅटरी कुठं शोधणार? ॲक्टिव्ह घ्याल तर खोक्यात दोन बॅटऱ्या कायम ठेवा आणि वाजवून झालं की जॅक ओढायची सवय लावा. त्याची खात्री नसेल तर पॅसिव्ह.

चार तारा की पाच, हा प्रश्न इथं पट्टीनं सोडवावा. पुरुष गायक बहुतेक काळी एक, काळी दोन या हार्मोनियमच्या पट्ट्यांमध्ये गातात. काळी दोनचा सा चार तारांच्या बेसवर मोकळ्या 'ई'च्या फक्त अर्धा सूर खाली पडतो, म्हणजे खालचा सा मिळतच नाही. तो 'ए'च्या तारेवर सहाव्या फ्रेटला (नेकवरच्या आडव्या पट्टीला), वरच्या सप्तकात घ्यावा लागतो. काळी एकचा सा त्याच तारेवर चौथ्या फ्रेटला. पाच तारांवर दोन्ही खाली सापडतात, हात एकाच जागी राहतो, आणि गायकानं ऐन वेळी पट्टी बदलली तरी तोच साचा सरकवता येतो. तरी माझं मत पहिल्या गिटारसाठी चार तारांकडेच जातं. काळी एकचा तो खालचा सा साधारण 35 हर्ट्झचा. छोटे अँप सोडाच, बहुतेक साऊंडचे डबेही तिथं नीट बोलत नाहीत, त्यामुळे पैसे देऊन घेतलेला सूर लोकांपर्यंत जात नाही. शिवाय स्वस्त पाच तारांच्या गिटारींत जाड 'बी' तार सैल, गढूळ वाजते. दोन हंगाम वाजवून झाल्यावर, रोज तीन-तीन गायकांना साथ करायची असेल, तेव्हा पाच घ्या.

बोटं लहान असतील, शाळकरी मुलगी शिकणार असेल, तर तारेची लांबी 34 इंचाऐवजी 30 इंच असलेली गिटार बघायला लाजू नये. आवाज थोडा मऊ, हाताला आराम मोठा.

अँप: वॅट आणि लाइन

वॅटचा आकडा फसवतो. 100 चे 200 वॅट केले तर फक्त 3 डेसिबल वाढतात, कानाला 'थोडं वाढलं' एवढंच. आवाज दुप्पट वाटायला जवळपास दहापट ताकद लागते. म्हणून 40 आणि 60 वॅटमध्ये घासाघीस करण्यात अर्थ नाही. खोलीतला सराव, भजन, बारसं, चर्चमधली प्रार्थना यांना 10 इंची स्पीकरचा 40 वॅटचा कॉम्बो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत, पुरतो. खंजिरी आणि हार्मोनियमच्या भजनात तर तो निम्मासुद्धा उघडावा लागत नाही. ड्रमसेट आला की 100 वॅट, 12 इंच. रंबल 100 साधारण दहा किलोचा आहे, मोटरसायकलवर मागच्या माणसाच्या मांडीवर जातो, एसटीतही चढतो. खेड्यातल्या वाजवणाऱ्याला एकच अँप घ्यायचा असेल तर याच मापाचा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

कॉम्बो की हेड (स्पीकर नसलेला नुसता अँप) आणि वेगळा डबा? तुमच्याकडे पिकअप किंवा मॅजिक गाडी असेल आणि साऊंडची सोय स्वतःलाच करावी लागत असेल तरच हेड-डब्याकडे जा. आता क्लास डी या हलक्या जातीची हेड दोन-तीन किलोची येतात, झोळीत मावतात. 1969 चा अँपेग एसव्हीटी हा 300 वॅटचा ट्यूब अँप, आठ 10 इंची स्पीकरांच्या डब्यासकट 90 किलोच्या वर जायचा. त्याचा आवाज मोठा देखणा, पण ट्यूबचा अँप खडबडीत रस्त्यावर, जनरेटरवर रोज नेणं मला पटत नाही.

लाइनचं पाहणं सगळ्यांत महत्त्वाचं. कृषिपंप चालू झाले की व्होल्टेज पडतं, जनरेटरवर ते वरखाली नाचतं. जड ट्रान्सफॉर्मरचा जुना अँप व्होल्टेज पडलं की मलूल होतो, आवाज लवकर फाटतो, तरी बहुधा चालू राहतो. क्लास डीमध्ये दोन जाती आहेत. ज्याच्या मागं '100 ते 240 व्होल्ट' छापलंय तो पडलेल्या लाइनवरही ताकद धरून चालतो. ज्यावर फक्त '230' आहे तो गप्पकन बंद पडू शकतो. दुकानात पहिल्यांदा अँप फिरवून मागचं हे लेबल वाचा, पुढची बटणं नंतर बघा.

आणि थ्री-पिनची अर्थिंगची जाड पिन कापू नका. गिटारच्या तारा वायरीतून अँपच्या अर्थिंगलाच जोडलेल्या असतात. एका गावात थंडीच्या दिवसांत, दवानं ओल्या मातीवर उभा राहून मी कोरससाठी माइककडे वाकलो आणि ओठाला असा झटका बसला की दोन पावलं मागं गेलो. माइक एका लाइनवर, अँप दुसऱ्या, आणि बोर्डाची पिन कापलेली. तेव्हापासून अँपची लाइन मिक्सरच्याच बोर्डावरून घेतो, गाण्याआधी माइकच्या जाळीला टेस्टर लावतो, आणि पायात रबरी चप्पल असल्याशिवाय गिटार गळ्यात घालत नाही. घूं आवाज सहन करावा, पिन कापून तो बंद करू नये.

डबा

15 इंची स्पीकर खालचे सूर देतो आणि 10 इंची फक्त वरचे, हे गावोगावी ऐकतो. ते खरं नाही. किती खाली जायचं ते स्पीकरची घडण आणि डब्याचं माप मिळून ठरवतात. चांगल्या डब्यातले दोन 10 इंची, वाईट डब्यातल्या एका 15 इंचीला सहज मागं टाकतात. दोन दहामध्ये बोटाचा स्पर्श स्पष्ट येतो, एका पंधरामध्ये आवाज गोल होतो. बंद डबा खालचे सूर थोडे कमी भरतो पण घट्ट वाजतो. भोक असलेला, म्हणजे पोर्टेड डबा, त्याच ताकदीत जास्त भरतो, मात्र त्याच्या मर्यादेखाली जोरात वाजवलं की कोनवरचा, म्हणजे स्पीकरच्या कागदावरचा, ताबा सुटतो आणि स्पीकर फाटतो. पाच तारावाल्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मग सुताराकडून डीजेसारखा प्लायचा डबा का करू नये? स्वस्त पडतो, तालुक्याला मिळतो, मजबूतही असतो. पण डीजेचा बेसचा डबा ढोलाच्या धक्क्यासाठी, खालच्या अरुंद पट्ट्यासाठी बनवलेला असतो. बेस गिटारचं बोलणं दोन-तीन हजार हर्ट्झपर्यंत चालतं. नुसत्या त्या डब्यावर लावली तर गडगडाट येतो, कोणता सूर लागला ते कळत नाही. सुताराकडून करायचाच तर स्पीकर आधी ठरवा, त्याच्या कंपनीनं दिलेल्या मापाबरहुकूम डबा करा, आणि वर एक लहान हॉर्न बसवा.

ओहमचा, म्हणजे डब्याच्या विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, हिशोब पाठ ठेवा. 8 ओहमचे दोन डबे हेडला जोडले की 4 होतात, 4 चे दोन जोडले की 2. बहुतेक हेड 4 च्या खाली चालत नाहीत, एकतर बंद पडतात नाहीतर जळतात. म्हणून पहिला डबा 8 ओहमचाच घ्या, दुसऱ्याला जागा राहते. रंबल 500 कॉम्बो आतल्या 8 ओहमवर 350 वॅट देतो आणि बाहेरून आणखी 8 ओहमचा डबा लावला की 500. नुसती वॅट वाढवण्यापेक्षा दुसरा डबा लावण्यानं कितीतरी जास्त फरक पडतो, कारण हवा ढकलणारा कागदही दुप्पट होतो. हेडपासून डब्यापर्यंत स्पीकरचीच जाड वायर वापरा, गिटारची नाही.

जुनं सामान घेणार असाल तर दिवसा उजेडात बघा. गिटार डोळ्यासमोर धरून नेकचा वाक पाहा, ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, वाक दुरुस्त करणाऱ्या सळईचा) नट फिरतो का ते विकणाऱ्याकडूनच फिरवून घ्या. चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली आणि पावसाळ्यात कुडाच्या भिंतीला टेकवलेली गिटार नेकमध्ये लगेच ओळखू येते. प्रत्येक तारेचा बारावा फ्रेट आणि मोकळी तार एकाच सुरात बोलते का ते ट्यूनरवर बघा, सगळ्या फ्रेटांवर एकेक सूर वाजवा. डब्याची जाळी काढून कोन बोटांनी सरळ आत दाबा, घासल्याचा आवाज आला तर तो डबा तिथंच सोडून या. अँप मात्र दहा मिनिटांत कळत नाही. अर्धा तास चालू ठेवा, सगळी बटणं फिरवा, आणि जमलं तर सांजेला लाइन पडल्यावर पुन्हा एकदा लावून पाहा.