मदरबोर्ड बदलला म्हणे

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्डांचं छोटं काम आहे. ऐन वैशाखात, ऑर्डरी अंगावर असताना कॉम्प्युटर आपोआप बंद पडून परत सुरू व्हायला लागला. निळा स्क्रीन नाही, काही सूचना नाही. चि. आणि चि. सौ. कां. यांची नावं एका ओळीत बसवत असायचो आणि फट्कन काळोख. दिवसातून चार-पाच वेळा, दुपारी जरा जास्तच.

घाईच्या माणसाला जवळचं दुकान दिसतं. मलाही दिसलं. दुकानदारानं मशिन लावलं, इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडला आणि लाल खुणांची रांगच माझ्यापुढं धरली. त्यात 'कर्नल-पॉवर 41' अशी एक नोंद चार-पाच ठिकाणी होती. तिच्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे बघा, पॉवरचा एरर. मदरबोर्ड गेलाय तुमचा. आवो, सारखं रीस्टार्ट मारतोय म्हणजे दुसरं काय असतंय?"

लाल रंग आणि इंग्रजी अक्षरं बघून मी गप्प बसलो. त्या 41 चा अर्थ मला नंतर कळला. कॉम्प्युटर नीट शटडाउन न होता बंद पडला, एवढंच ती नोंद सांगते, आणि तीही पुढच्या वेळी सुरू होताना लिहिली जाते. का बंद पडला, हे त्यात नसतं. नंतर मी मुद्दाम चालू मशिनचा प्लग ओढून बघितला. हुबेहूब तीच नोंद! आणि लाल-पिवळ्या खुणा धडधाकट मशिनमध्येही ढिगानं असतात.

दोन दिवसांनी बोलावलं. 5,800 रुपये. बिल मागितलं तर माझ्याच पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर 'एम.बी. बदली' लिहून दिलं. जुना बोर्ड मागितला तर, "तो कंपनीला परत गेला, त्याशिवाय एवढा स्वस्तात बसला नसता." दुकानात तासभर मशिन माझ्यासमोर चालवून दाखवलं. एकदाही बंद पडलं नाही. "बघा, आता हालतोय काय?" म्हणाला. खरंच हलत नव्हतं.

घरी आणलं आणि अर्ध्या तासात पुन्हा काळोख. वर एक नवीनच दुखणं: मोठी फाईल उघडली की माऊस जागीच थिजायचा, दोन-दोन मिनिटं.

रविवारी भाचा आला होता, इंजिनिअरिंगला आहे. तो थोडा वेळ नुसता बघत बसला आणि म्हणाला, "मामा, प्रिंट दिली की मगच जातोय काय बघा बरं." मी प्रिंट दिली. प्रिंटर गरम व्हायला लागला, यूपीएसनं टिक् केलं, आणि गेलं. परत दिली, परत गेलं. चौथ्यांदा आम्ही दोघं हसायलाच लागलो.

लेझर प्रिंटरमधला रोलर कागदावरची शाई पक्की करायला 200 अंशांच्या आसपास तापतो. तापताना तो एकदम वीज ओढतो. माझा यूपीएस 600 व्हीएचा, म्हणजे साधारण 360 वॅटचा, आणि प्रिंटर त्यालाच लावलेला. प्रिंटरनं ओढ मारली की व्होल्टेज खाली, यूपीएस बॅटरीवर उडी मारणार, आणि बॅटरी केव्हाच मेलेली. तेवढ्या क्षणात कॉम्प्युटर जातो. दुपारी आळीतले एसी चालू झाले की मुळातच व्होल्टेज कमी, म्हणून दुपारी जास्त. दुकानात भिंतीच्या प्लगवर, प्रिंटरशिवाय लावलेलं मशिन तासभर काय, वर्षभर हललं नसतं.

मग बदललं ते काय? मशिन 2019 च्या महापुरानंतर घेतलेलं. आधीचं पाण्यात गेलं होतं. तेव्हापासून आमच्याकडं कागद, खोकी, बिलं सगळी माळ्यावर जातात. मदरबोर्डाचं खोकंही तिथंच होतं. भाच्यानं कॅबिनेट उघडून टॉर्च मारला आणि बोर्डावरच्या चिकटपट्टीचा सिरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडला. आकडा न् आकडा तोच. बोर्ड जाग्यावरनं हललाच नव्हता. वास्तविक मला आधीच शंका यायला हवी होती, कारण बोर्ड बदलला की बहुतेक वेळा विंडोज ॲक्टिव्हेशनसाठी, म्हणजे परवाना परत तपासून घ्यायला, कुरकुर करतं आणि माझं चकार शब्द बोललं नव्हतं.

माऊस थिजण्याचं उत्तर टास्क मॅनेजरमध्ये, परफॉर्मन्सच्या मेमरीत मिळालं. 2019 च्या पक्क्या बिलावर 8 जीबीच्या दोन रॅम. मशिनमध्ये एकच. न बदललेल्या बोर्डाचे पैसे गेले आणि वर रॅमही.

खोकं काखेत मारून दुकानात गेलो. तो जराही दचकला नाही. "एका लॉटचे सिरियल सारखेच असतात." मी म्हणालो, मग त्याला सिरियल नंबर कशाला म्हणायचं? त्यावर रॅमचा विषय आला. "एक जळाली होती, टाकून दिली." शेजारी दोन गिऱ्हाईकं उभी होती, म्हणून मी मुद्दाम आवाज चढवला. शेवटी ड्रॉवरमधनं एक 8 जीबीची रॅम काढून दिली. माझी नव्हे, दुसऱ्याच कंपनीची. ती कुणाच्या मशिनमधली असेल, हा विचार अजून मनातून जात नाही. पैसे मात्र त्यानं परत दिले नाहीत.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन लावला. तक्रार घेतली, पण बिल विचारलं. माझ्याकडं पत्रिकेची पाठ. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, तेही माहीत झालं. पण त्या कागदावर दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही, माझ्या मशिनचा उल्लेखही नाही. सीझन डोक्यावर होता, मी नाद सोडला.

यूपीएसला 12 व्होल्ट 7 एएचची नवी बॅटरी बसवली आणि प्रिंटरचा प्लग भिंतीत गेला. त्या दिवसापासून कॉम्प्युटर एकदाही बंद पडलेला नाही. आता मशिन दुरुस्तीला द्यायच्या आधी मी झाकण उघडून बोर्ड, रॅम आणि डिस्कवरच्या नंबरांचे फोटो काढतो, दुकानदाराच्या डोळ्यांदेखत. परवा एकानं विचारलं, "विश्वास नाही होय?" मी म्हटलं, आहे की, फोटो फक्त आठवणीला.