पाऊचचा बनावट तपासणी अहवाल आणि दिवाळीत परत मागवावा लागलेला माल

दिवाळीच्या ऐन हंगामात दुकानांत पोहोचलेला चिवडा परत मागवण्याची वेळ आमच्यावर आली. चिवड्यात काही दोष होता म्हणून नव्हे, तर ज्या पाऊचमध्ये तो भरला होता ते पाऊच ठरवून दिलेल्या प्रतीचे नव्हते आणि त्यांच्यासोबत मिळालेला प्रयोगशाळेचा अहवाल बनावट होता म्हणून. ठाणे आणि नवी मुंबईतील रबाळे, महापे, वागळे इस्टेट या औद्योगिक भागांत गाळा घेऊन फराळ, मसाले किंवा लोणची करणाऱ्या अनेकांना पाऊच पुरवणारे व्यापारी तेच ते असतात. त्यामुळे ही फसवणूक कशी केली जाते हे तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते.

आमची मागणी लेखी होती. वर आतल्या बाजूने छापलेली १२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पीईटी या प्लास्टिकची फिल्म, मध्ये १२ मायक्रॉनची मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा पातळ मुलामा दिलेली पीईटी आणि आत खाद्यपदार्थांसाठीची ५० मायक्रॉनची पॉली (पॉलिथिन), असा तीन थरांचा पाऊच हवा होता. तळलेल्या पदार्थाला हवा आणि उजेड लागला की तेल खवट होते, म्हणून मधला चंदेरी थर लागतो. त्या थराचा आणखी एक उपयोग आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. छपाईची शाई आणि पदार्थ यांच्यामध्ये तोच आडवा असतो. तुर्भ्याला कार्यालय असलेल्या व्यापाऱ्याने दाखवलेले नमुने अगदी या मापाचे होते. भाव बाजारापेक्षा किंचितच कमी होता. फारच कमी असता तर संशय तरी आला असता.

पॅकेजिंगविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार पदार्थाला लागणाऱ्या वेष्टनासाठी एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र खाद्यपदार्थाच्या उत्पादकाकडे असावे लागते. ते आम्ही व्यापाऱ्याकडे मागितले आणि दुसऱ्याच दिवशी तपासणी अहवाल हाती आला. प्रयोगशाळेचे नाव खरे, चिन्ह खरे, खाली सही आणि शिक्का, ग्राहक म्हणून आमच्या उद्योगाचे नाव आणि तारीख ऑगस्ट २०२४ ची. वेष्टनातून पदार्थात उतरणाऱ्या द्रव्यांची कमाल मर्यादा दर किलोला ६० मिलिग्रॅम आहे, आणि अहवालातला आकडा त्याच्या कितीतरी खाली होता.

पहिली तक्रार नौपाड्यातील एका जुन्या दुकानदारांकडून आली. "ताई, चिवडा झकास आहे, पण पाकीट फोडल्याबरोबर आधी रंगाच्या डब्यासारखा वास येतो," असे ते म्हणाले. हा वास पदार्थाचा की वेष्टनाचा, हे ठरवण्यासाठी न भरलेल्या पाऊचच्या पट्ट्या कापून त्या स्वच्छ काचेच्या बरणीत घातल्या, झाकण घट्ट लावले आणि बरणी तासभर उन्हात ठेवली. झाकण उघडताच तोच वास आला, म्हणजे चिवड्याचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. छपाईच्या शाईतील द्रावक, म्हणजे शाई पातळ ठेवणारे रसायन, नीट उडून गेले नाही की असा वास राहतो. स्वस्त शाईत द्रावक म्हणून टोल्यूइन वापरले जाते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील शाईसाठीच्या आयएस १५४९५ या भारतीय मानकाने ते वर्ज्य ठरवले आहे.

पुढची परीक्षा सोनाराच्या काट्यावर झाली. आम्ही मागितलेल्या तीन थरांचा १० सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद तुकडा शाई आणि चिकटद्रव्यासह साधारण ०.८४ ग्रॅम भरायला हवा. पीईटीची आणि पॉलीची घनता ठाऊक असेल तर हा हिशेब कोणालाही मांडता येतो. जपून ठेवलेल्या नमुन्याचा तुकडा तितकाच भरला. पुरवलेल्या मालाचा तुकडा मात्र ०.६० ग्रॅमही भरला नाही. मधला थर नव्हताच. त्याच्या जागी चंदेरी शाई मारलेली होती. पाऊचच्या आत मोबाइलचा टॉर्च धरल्यावर नमुना जवळजवळ काळाच राहिला, तर पुरवठ्यातील पाऊच धुरकट उजळून निघाला. शाई आणि चिवडा यांच्यामध्ये आता फक्त पातळ पॉली उरली होती आणि द्रावकाचा वास त्या पॉलीतून आरपार जात होता. हे पाऊच आम्ही किलोवर नव्हे तर नगावर घेतले होते, आणि अशा व्यवहारात थर चोरला की त्याचा सगळा फायदा पुरवणाऱ्याच्या खिशात जातो.

त्यानंतर अहवाल नीट वाचला. एनएबीएल मान्यतेच्या अहवालावर यूएलआर नावाचा क्रमांक असतो. त्यात टीसी ही अक्षरे, प्रयोगशाळेचा प्रमाणपत्र क्रमांक आणि त्यापाठोपाठ वर्षाचे दोन आकडे येतात. आमच्या अहवालाची तारीख २०२४ ची, आणि क्रमांकातील वर्ष २१! त्याहून बोलका पुरावा चाचणीच्या रकान्यात होता. आयएस ९८४५ या भारतीय मानकाप्रमाणे तपासणी करताना वेष्टन पदार्थाऐवजी एखाद्या द्रवात ठेवून त्यात काय उतरते ते पाहतात, आणि हा द्रव पदार्थाच्या स्वभावानुसार निवडतात. पाणीदार पदार्थासाठी ऊर्ध्वपातित पाणी, आंबटासाठी ३ टक्के ॲसेटिक आम्ल आणि तेलकटासाठी एन-हेप्टेन वापरले जाते. तेलात तळलेल्या चिवड्याच्या पाऊचची तपासणी केवळ पाण्यात झालेली होती. प्रयोगशाळेला तो क्रमांक कळवून विचारणा केली, तेव्हा त्या क्रमांकाचा अहवाल भलत्याच ग्राहकाच्या, भलत्याच नमुन्यासाठी दिला गेला होता, असे लेखी उत्तर आले. कुणाच्या तरी जुन्या अहवालावरील नाव आणि तारीख तेवढी बदललेली होती.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ च्या कलम २८ नुसार माल परत मागवण्याची जबाबदारी उत्पादकाची असते. पाऊच कोणी पुरवले, हा त्याचा आणि पुरवठादाराचा आपसातला प्रश्न. अशी वेळ आली की २०१७ च्या नियमावलीप्रमाणे चोवीस तासांच्या आत केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाला आणि राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांना कळवायचे असते. आमच्याकडे प्रत्येक घाण्याच्या नोंदीत पाऊचच्या खोक्याचा क्रमांकही लिहिला जातो. व्यापाऱ्याच्या खोक्यांवर लॉट क्रमांक नव्हताच, तो आमच्याकडे काम करणाऱ्या बायकांनी मार्करने घातलेला होता. त्या साध्या सवयीमुळे सगळा फराळ परत न मागवता फक्त त्या खोक्यांतील पाऊचमध्ये भरलेला माल नौपाडा, डोंबिवली आणि वाशीच्या दुकानांतून परत आणता आला. बाकीचा हंगाम वाचला. "चिवडा तर चांगला आहे, दुसऱ्या पाकिटात भरा," असा सल्ला देणारे हितचिंतक बरेच भेटले. वास शोषून घेतलेला पदार्थ पुन्हा विकणे म्हणजे या व्यापाऱ्याच्याच रांगेत उभे राहणे, म्हणून तो सगळा नष्ट केला.

व्यापाऱ्याची भाषा दर फोनला बदलत गेली. आधी "माल ताजा आहे, मोकळा ठेवा, वास उडून जाईल," मग "सगळेच असा माल वापरतात," आणि शेवटी "मी नुसता मधला माणूस, छापणारा दुसराच." पुढे त्याने पुढच्या मागणीत सूट देणारी क्रेडिट नोट पाठवली. तिच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की ही नोट स्वीकारल्यावर या मालाबाबत कोणताही दावा उरणार नाही. आम्ही ती लेखी नकार देऊन परत केली. उरलेले पाऊच परत नेण्याचीही त्याची तयारी होती. परंतु त्यांवर आमचे नाव आणि चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक छापलेला होता, आणि असे पाऊच बाहेर गेले तर उद्या त्यांत काय भरले जाईल हे सांगता येत नाही. पुराव्यासाठी काही पाऊच मोहोरबंद करून बाकीचे प्रत्येक पाऊच कात्रीने आडवे कापून मगच भंगारात दिले.

आता आमच्या खरेदीच्या आदेशात थरांची मापे, दर चौरस मीटरचे वजन, खोक्यावर लॉट क्रमांक आणि त्याच लॉटचा, तेलकट पदार्थासाठीच्या द्रवात केलेला अहवाल, या अटी असतात. अहवाल व्यापाऱ्याकडून न घेता आम्ही तो थेट प्रयोगशाळेकडून ईमेलवर मागवतो आणि ती चाचणी त्या प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या यादीत आहे की नाही, हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहतो. एखादा व्यापारी या अटी ऐकून नाराज झाला तर त्याला नमस्कार करून दुसऱ्याकडे जावे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८० प्रमाणे योग्य ती सर्व काळजी घेतल्याचा बचाव मांडता येतो, पण त्यासाठी अशा नोंदी हाताशी असाव्या लागतात.

प्रयोगशाळेचे पत्र, दोन्ही तुकड्यांची वजने आणि मोहोरबंद पाऊच जोडून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची आणि सोबत बनावट दस्तऐवजाची तक्रार आम्ही पोलिसांकडे दिली आहे. छपाईचे सिलिंडर, म्हणजे आमच्या पाऊचचा मजकूर कोरलेले रूळ, मात्र अजून अडकलेले आहेत. त्यांचे पैसे आम्ही सुरुवातीलाच दिले होते, तरी ते छापखान्यात पडून आहेत आणि राहिलेले बिल चुकते केल्याशिवाय ते सोडणार नाही, असे व्यापारी सांगतो. त्या सिलिंडरवर आमच्या नावाचे पाऊच कधीही छापता येतील. म्हणून वकिलांमार्फत त्याला आणि छापखान्याला, दोघांनाही नोटीस पाठवली आहे, आणि नवीन पुरवठादाराकडून सिलिंडर आमच्या मालकीचे असून मागताच परत करू, असे पहिला रुपया देण्यापूर्वी लिहून घेतले आहे.