व्हॅनमध्ये झोपताना अलार्म आणि दारांची लॉकं : पाच महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमच्या जुन्या व्हॅनमध्ये झोपायची सोय करून घेतली. त्याच आठवड्यात पुण्यात नाना पेठेतून सेंट्रल लॉकिंग आणि अलार्मचा सेटही बसवला. मजुरीसकट साडेपाच हजार. समोरच्या दोन आणि बाजूच्या सरकत्या दाराला मोटरा, बॉनेटखाली सायरन, डॅशबोर्डखाली धक्का ओळखणारा सेन्सर, आणि समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना आतली हालचाल टिपणारे अल्ट्रासॉनिक सेन्सर. तेव्हापासून पंचवीसेक रात्री मी, नवरा आणि बहात्तर वर्षांचे बाबा असे तिघं त्या गाडीत झोपलो. सेट वाईट नाही. पण तो रिकाम्या गाडीसाठी केलेला आहे, आणि आमची गाडी रात्री रिकामी नसते. हा फरक दुकानात ना त्यांनी सांगितला, ना मला सुचला.

पहिलीच मोठी सहल वेळासची, कासवांची पिल्लं बघायला. एका घराच्या अंगणात गाडी लावली, आत शिरलो, रिमोटचं बटण दाबून लॉक केलं. पहाटे तीनच्या सुमारास बाबा लघवीसाठी उठून बसले आणि सायरन सुरू झाला. आम्ही दोघं सवयीने निपचित झोपणारे, त्यामुळे तोवर काही झालं नव्हतं. अंधारात रिमोट सापडेना. चारही इंडिकेटर उघडझाप करत होते, वाडीतली सगळी कुत्री भुंकायला लागली. घरच्या आजी कंदिलासारखी जुनी बॅटरी घेऊन पडवीत आल्या आणि आधी विचारलं, "कोणाला बरं नाही का?" त्यांच्या आवाजातली काळजी ऐकून मला फार अपराधी वाटलं. ज्या गावात पिल्लांची वाट चुकू नये म्हणून किनाऱ्यावर दिवे लावत नाहीत, तिथे आम्ही हा गोंधळ घातला.

त्याहून वाईट गोष्ट दोन दिवसांनी कळली. बाबांनी संध्याकाळी सहानंतर पाणी पिणंच बंद केलं होतं. उठलो तर पुन्हा वाजेल, या धास्तीने. त्यांना रक्तदाबाची गोळी आहे. हे कळलं त्या दिवशी ठरवलं की आधी हे दुरुस्त करायचं, मगच पुढचा मुक्काम.

मंडणगडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने तासाभरात सगळं समजावून सांगितलं. अल्ट्रासॉनिक सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि परत येणाऱ्या आवाजात बदल झाला की सायरनला खूण करतो. त्यामुळे माणूस हलला काय, पंखा फिरला काय किंवा वाऱ्याने मच्छरदाणी हलली काय, त्याला सगळं सारखंच. त्याने त्या सेन्सरच्या वायरीत एक साधा स्विच टाकला आणि तो पलंगाच्या कडेला, हात जाईल तिथे बसवला. झोपताना बंद, गाडी सोडून जाताना चालू. धक्क्याच्या सेन्सरवर एक बारीक स्क्रू असतो, तो थोडा फिरवून संवेदनशीलता कमी केली. मे महिन्यात वळवाच्या पावसात गडगडाट झाला तरी तो गप्प राहिला.

पण दार उघडलं की वाजणं तसंच होतं. त्यावरचा उपाय फुकटचा निघाला. आत झोपायचं असेल तर रिमोटने लॉक करायचंच नाही. ड्रायव्हरच्या दारावरची खुंटी आतून दाबली की तिन्ही दारं बंद होतात आणि अलार्म लागत नाही. आतल्या माणसाने खुंटी उचलून दार उघडलं तर काहीच वाजत नाही. रात्री बाहेरच्याला दार उघडता येऊ नये, आतल्याला यावं, एवढंच तर हवं असतं. हे मला पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर!

तुमची गाडी वेगळी असेल तर हे दिवसाउजेडी करून बघा. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून लॉक करायचं, आणि आतल्याने किल्लीशिवाय प्रत्येक दार उघडून बघायचं. आमच्या सरकत्या दाराचं चाइल्ड लॉक, म्हणजे दार आतून उघडू न देणारं लॉक, कितीतरी वर्षं चालूच होतं, ते असं सापडलं. दाराच्या कडेची ती छोटी पट्टी आम्ही विसरूनच गेलो होतो. बाबा त्याच दाराशी झोपतात. आग लागली असती, गॅस गळला असता तर? हा विचार आजही नकोसा वाटतो. डिकीला आतून कडीच नव्हती, ती नंतर लोहाराकडून करून घेतली. काच मात्र आम्ही दोन बोटं उघडी ठेवतोच, जाळी लावून.

एप्रिलमध्ये हायवेवरच्या एका ढाब्याच्या आवारात झोपलो होतो. रात्री दोनला कोणीतरी समोरचं हँडल दोनदा ओढलं. खटखट, थोडं थांबून पुन्हा खटखट. रिमोट उशीशी शिवलेल्या कापडी बटव्यात होता, वेळासनंतर तो तिथेच असतो. पॅनिकचं बटण दाबलं. सायरन वाजला, पळणाऱ्या चपलांचा आवाज आला, ट्रकवाले उठले. त्या एका मिनिटासाठी साडेपाच हजार वसूल झाले असं मी मनापासून म्हणेन.

तारकर्लीला वेगळाच धडा. दोन दिवस पंखा आणि मोबाइल गाडीच्या मूळ बॅटरीवर चालवले. तिसऱ्या सकाळी समुद्रावरून परत आलो तर रिमोट दाबूनही लॉक हलेना. बॅटरी उतरली होती. आता किल्लीने उघडायचं, तर ड्रायव्हरच्या दारातली किल्लीची भोकं खाऱ्या हवेने धरलेली, कारण रिमोटमुळे तिथे किल्ली कोणी घातलीच नव्हती. तेल सोडून, हळूहळू फिरवून अर्ध्या तासाने उघडलं. अलार्म स्वतः फार वीज खात नाही, मीटरवर साधारण वीस मिलीअँपियर दिसला, म्हणजे दिवसाला अर्धा अँपिअर-अवरच. बॅटरी पंख्याने खाल्ली. आता पंख्याला वेगळी बॅटरी आहे, आणि महिन्यातून एकदा किल्लीने दार उघडायचा नेम आहे.

एक तक्रार अजून शिल्लक आहे. रिमोटने उघडून तीस सेकंदांत दार उघडलं नाही तर गाडी आपोआप पुन्हा लॉक होते. डिकी या सेटला जोडलेलीच नाही, त्यामुळे ती उघडली तरी सेटला कळत नाही. म्हणून डिकीतून स्टोव्ह काढला, किल्ली आत पलंगावर ठेवली, डिकी लावली, की बाहेर राहायची वेळ. आमच्यावर एकदा आली. दुसरी किल्ली आता नवऱ्याच्या गळ्यात असते, झोपतानाही. दुकानात फोन केला तर "डिकी जोडायचे वेगळे पैसे" एवढंच उत्तर मिळालं. तुम्ही बसवणार असाल तर डिकी आणि बॉनेट दोन्हींचे स्विच आधीच मागून घ्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो होतो. सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "रात्री दोनदा उठलो मी. दुसऱ्यांदा हिरड्याच्या झाडाशी बराच वेळ उभा होतो, सगळं झाड लुकलुकत होतं." आम्हा दोघांना जागही आली नव्हती. उशाशी त्यांची पाण्याची बाटली रिकामी पडलेली होती.