कथलाची बाटली: आधी दोन तारे, आता चार

रविवार पेठेतल्या एका केमिकलवाल्याकडून जूनच्या शेवटी स्टॅनस ऑक्टोएटची, म्हणजे प्लास्टिक करताना क्रियेला वेग देणाऱ्या कथलाच्या कॅटॅलिस्टची, १०० ग्रॅमची बाटली आणली. बिल करता करता काकांनी विचारलं, "मॅडम, फोमचा कारखाना आहे का?" त्यांच्याकडून हा माल गाद्यांचा फोम बनवणारेच नेतात. म्हटलं, नाही हो काका, प्लास्टिक करते, साखरेपासून होणारं, पीएलए. "म्हणजे ते विरघळणारं?" विरघळत नाही, कंपोस्टच्या ६० अंशांच्या उबेत हळूहळू कुजतं, हे सांगेपर्यंत मागे रांग लागली होती.

माल फिकट पिवळा, पातळ मधासारखा. पण झाकणाखालचं सील अर्धं सुटलेलं, ते मला पाषाणला लॅबमध्ये आल्यावर दिसलं. हवा लागली की हे कथील ऑक्सिडाइझ होतं आणि मग कॅटॅलिस्ट सुस्त पडतो. त्यामुळे पहिली बॅच फसली तेव्हा मी सगळं खापर बाटलीवर फोडून मोकळी झाले.

बॅच अशी होती: १० ग्रॅम लॅक्टाइड (पीएलएचा कच्चा माल), १८० अंशांचा ऑइल बाथ, वर नायट्रोजन. कॅटॅलिस्ट लॅक्टाइडच्या दोन हजार रेणूंमागे एक रेणू, म्हणजे जेमतेम १४ मिलिग्रॅम, टोल्युइनमध्ये पातळ करून सिरिंजने सोडलेला. बॅच जमली की फ्लास्कमधली मॅग्नेटची दांडी आधी जडावते, मग अडखळते, मग काकवीत चमचा रुतावा तशी ठप्प होते. माझी दांडी तासाभरानंतरही गरागरा फिरत होती. जीपीसीवर, म्हणजे प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या किती लांब झाल्या ते मोजणाऱ्या यंत्रावर, रेणुभार आला १८,०००, म्हणजे साखळ्या आखूडच. तेव्हाच दोन तारे देऊन टाकले.

रात्री हिशेब मांडला. पाण्याचा एकेक रेणू एकेक साखळी सुरू करून देतो. पंगतीत पानं वाढली की जिलब्या कमी वाट्याला येतात, तसंच. १० ग्रॅममधून १८,०००च्या साखळ्या निघायला १० मिलिग्रॅम पाणी लागतं. १४ मिलिग्रॅम कॅटॅलिस्टमध्ये एवढं पाणी मावेल कुठून? ते माझ्याच लॅक्टाइडमध्ये होतं. जुलैतल्या पुण्याच्या हवेत डबी दोन दिवस टेबलावर उघडी होती, आणि उघडी ठेवणारी मीच.

मग लॅक्टाइड रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवलं, फ्लास्क ओव्हनमधून गरम काढला. बाटली तीच. विसाव्या मिनिटाला दांडी थांबली, रेणुभार ९०,०००.

शरीरात घालायचं काही करणार असाल तर मात्र हा फोमचा माल नको. कथील शेवटी प्लास्टिकमध्येच राहतं. त्याच धास्तीने काहीजण जस्ताच्या संयुगांकडे वळलेत.

एक तारा सीलसाठी कापलाय, तो परत देणार नाही. दुकानातच झाकण नीट बघून घ्या. मागच्या शनिवारी मैत्रिणीसाठी गेले तेव्हा तीन बाटल्या काढायला लावल्या. काका कुरकुरले, पण काढल्या.